उचल

घाटनांदूरचा माणूस कंबरदुखीची फाईल काखेत मारून अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात जातो, नाहीतर लातूर गाठतो. परततो तो दोन शब्द घेऊन : ‘मणक्यात गॅप’. एक्स-रे पिशवीत असतो, गॅप डोक्यात. ऊसतोडीला जाणाऱ्या, ओळखीच्या एक बाई तेव्हापासून घागर उचलायच्या आधी श्वास रोखून धरतात, डावा हात कमरेवर टेकवतात आणि आत काचेची बांगडी पिचली असावी, तशा बेताने वाकतात.

खरं तर २०१५ साली, काहीच दुखत नसलेल्या तीन हजारांवर लोकांच्या तपासण्यांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत मणक्यांमधल्या चकत्यांची झीज, म्हणजे बोलीतला ‘गॅप’, दिसली. म्हणजे बरीचशी झीज पिकलेल्या केसांसारखी. पण केस पिकले म्हणून कुणी डोकं हलवायचं थांबत नाही. गॅप ऐकला की माणूस वाकायचं थांबतो, न वापरलेले स्नायू दुबळे होतात, मग थोडं वाकलं तरी दुखतं आणि धास्ती खरी ठरते.

हे सांगायला जावं तर घरचे म्हणतात, “मग मनाचंच आहे म्हणा की!” आपल्याकडे ‘मनाचं’ याचा अर्थ ढोंग. मेलझॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी १९६५ साली मांडलं ते वेगळंच. दुखण्याचा निरोप मेंदूकडे निघतो तेव्हा पाठीच्या कण्यात जणू एक दार लागतं, आणि ते किती उघडायचं यात मेंदूचाही हात असतो. भीती, जागरण, घोर यांनी ते सताड उघडं राहू शकतं. दुखणं तितकंच खरं असतं.

दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरला दिसलं, की भयंकर जखमी झालेल्या सैनिकांपैकी बरेचजण वेदनाशामक नको म्हणत. त्याने लावलेला अर्थ असा : जखम म्हणजे रणातून सुटका, घरची वाट. आमच्याकडे नेमकं उलटं. फडात कंबर धरली तर तो खाडा. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक आडवा पडला की दोघांची मजुरी बुडते, वर खाड्याचे पैसे कापले जातात. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली रक्कम फिटत नाही, ती पुढच्या हंगामावर चढते. या हिशेबाची वही उशाशी असताना ते दार मिटणार कसं? ‘ताण घेऊ नका’ हा सल्ला मला इथे जरा उद्धटच वाटतो. ताण त्यांनी कुठे घेतलाय, तो अंगठा उठवून दिलाय. शिवाय दिवसभर वाकून तोडायचं, मग मोळी डोक्यावर घेऊन शिडीवरून ट्रकमध्ये चढवायची. त्या शरीराचं दुखणं निव्वळ धास्तीच्या खात्यावर टाकणं हाही अन्यायच.

त्या बाईंना डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं : वजन उचलू नये. मुलीने वाचून दाखवलं. बाई हसल्या. “डाक्तर म्हनले उचलू नका. आन् उचल तर आपुन कवाच घेतली.”

दिवाळीनंतर टोळी निघाली तेव्हा त्यांनी फाईल पत्र्याच्या पेटीत तळाशी घातली. वर पातेली, वर गोधडी, सगळ्यात वर कोयता.