तळाची ओळख

सीमाभागातल्या माणसाच्या तोंडी बिदर, भालकी आणि कारवार ही नावं एका दमात येतात. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेनं ती शेजारी आणून बसवली. प्रत्यक्षात भालकीहून कारवार रस्त्यानं सहाशे किलोमीटरच्या आसपास. तरी त्या घोषणेचं माझ्यावर ऋण आहे. तिच्यामुळे न पाहिलेलं कारवार आपलं वाटायचं. आपलं वाटलं म्हणून एका हिवाळ्यात तिथं गेलो, एका खारव्याची होडी दिवसभरासाठी ठरवली आणि पाण्यात गळ सोडून बसलो. पुढे जातच राहिलो.

•

जमिनीची थंडी रातोरात येते, समुद्राची यायला महिने लागतात. डिसेंबर-जानेवारीत बिदरकडे पारा कधी कधी 10 अंशांच्या खाली उतरतो. कारंजा धरणातले कटला आणि रोहू गारठून खाणं कमी करतात, खोल पाण्यात जाऊन बसतात. त्याच दिवसांत कारवारच्या उपसागराचं पाणी 27-28 अंशांवर असतं. पावसाळ्याचा गढूळपणा खाली बसलेला असतो. पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो आणि किनाऱ्यालगतचं पाणी सपाट पडतं. दुपारी खारा वारा उठेपर्यंतचे तेवढे तास गळवाल्याचे.

एकाच राज्यातला एकच महिना एका पाण्याला मिटवतो, दुसऱ्याला उघडतो. ऋतू पंचांगात एक असतो, पाण्यात अनेक.

•

भाड्यानं होडी मिळते, पाणी मिळत नाही.

गिऱ्हाइकाला वाटतं, आपण डिझेलचे, इंजिनाचे आणि त्या माणसाच्या बुडालेल्या रोजाचे पैसे मोजतो. ज्याचं भाडं द्यायला हवं ते होडीत कुठंच ठेवलेलं नसतं. पाण्याखाली खडक कुठे, वाळू कुठे, चिखल कुठे. कुर्मगडाच्या कुठल्या अंगाला ओहोटीचं पाणी ओढ घेतं. काळी नदीचं गोडं पाणी सदाशिवगडापासून किती बाहेर येऊन खाऱ्यात मिसळतं, आणि त्या मिसळीच्या रेषेवर चोणक कोणत्या वेळी तोंड काढतो. हे सगळं एका माणसाच्या आत असतं. त्याआधी ते त्याच्या बापाच्या आत होतं. आपण ती ओळख दिवसभरासाठी उसनी घेतो, आणि संध्याकाळी मासा आपण पकडला म्हणतो.

•

मी रॉड आणि रीळ घेऊन बसायचो. खारवी नुसता तंगूस तर्जनीवरून सोडायचा. टोकाला शिसं, शिशाच्या वर हातभर अंतरावर गरी, गरीत जिवंत सुंगट. शेपटीच्या बाजूनं हलकेच टोचलेलं, म्हणजे ते मरत नाही, पोहत राहतं. शिसं तळाला टेकलं की तो ते वीतभर उचलायचा आणि पुन्हा टेकवायचा. असं करत होडीबरोबर तळ चाचपत जायचा.

वाळूवर शिसं मऊ बसतं. खडकावर टक्कन लागतं. चिखलातून उचलताना किंचित चिकटून सुटतं. हे मला त्यानं सांगितलं नाही. त्याचा तंगूस माझ्या बोटावर दिला, तेव्हा बऱ्याच वेळानं लागलं.

“मामा, पण मासा आलाय की लाट आहे, हे कसं कळतं?”

“बोटाक कळता,” तो म्हणाला, आणि तर्जनी पुढे केली. पहिल्या पेराच्या वळणावर दोरीनं पाडलेली खाच होती. तिथली कातडी घट्ट आणि पिवळट. मला वाटलं होतं, इतक्या जाड कातडीला काही जाणवत नसेल. पण त्याला माझ्याआधी कळायचं, दर वेळी.

काही ज्ञान डोक्यात शिरण्यापूर्वी कातडीत मुरतं. अशा ज्ञानाचं पुस्तक होत नाही म्हणून ते कमी दर्जाचं ठरवलं गेलं, याचा मला राग आहे.

•

न दिसणारं पाणी ओळखणं ही आमच्याकडचीही विद्या आहे. बिदरचं पठार जांभ्याचं. पावसाचं पाणी जांभ्याच्या छिद्रांतून झिरपत जातं, खालच्या घट्ट थरावर अडतं आणि त्या सांध्यातून पाझरतं. नानक झिऱ्याचं पाणी असंच जांभ्यातून येतं. 15 व्या शतकात, बहामनी काळात, नौबादला कारेझ खोदली: जमिनीखालून वाहता बोगदा, आणि वर अंतराअंतरानं उभी विवरं, हवेसाठी आणि गाळ काढण्यासाठी. ही युक्ती इराणातून आली. वरून चालणाऱ्याला माळरान दिसतं. खालून पाणी चाललेलं असतं, पंप नाही, मोट नाही, नुसत्या उताराच्या हिशोबावर.

तो उतार ज्यानं अंधारात खोदत मोजला, त्याला आणि कारवारच्या त्या खारव्याला एका होडीत बसवावं असं मला फार वाटतं. ते एकमेकांना पटकन समजले असते.

पशुवैद्यक आणि मत्स्यविज्ञानाचं राज्याचं विद्यापीठ बिदरला आहे. 1969 साली सुरू झालेलं मंगळूरचं मत्स्य महाविद्यालय त्याच विद्यापीठात येतं. समुद्राचं शिक्षण समुद्र नसलेल्या गावाशी बांधलंय म्हणून लोकांना नवल वाटतं. मला त्यात विसंगती दिसत नाही. ज्याला पाणी फुकट मिळालं नाही, तो पाण्याकडे अधिक नीट पाहील, एवढी आशा तरी करता येते.

•

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. कोकणातला हा जुना हिशोब आहे. अष्टमीला आठाचे पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. मुंबईकडे हा आडाखा चांगला बसतो. भरतीची लाट या किनाऱ्यानं दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे कारवारला वेळ थोडी अलीकडे धरावी लागते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांग. उधाणाला पाणी धावतं आणि नदीच्या मुखाशी शिकारी मासा जागा होतो. भांगाला पाणी रेंगाळतं, तेव्हा खडकालगत तळाचा मासा बघावा.

आमच्या घरातही तिथी पाहत. एकादशीला, पेरणीला, लग्नाला. चंद्र आकाशात असायचा आणि त्याचा परिणाम आमच्या श्रद्धेत. इथं तो परिणाम होडीच्या बुडाखाली हलतो. लहानपणापासून पाठ असलेलं काहीतरी खरोखर वजन उचलतंय, हे त्या दिवसांत मला पहिल्यांदा जाणवलं.

•

दुष्काळी मुलखातल्या माणसाला वाट पाहणं शिकवावं लागत नाही. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. लातूर म्हणजे भालकीच्या शेजारचा जिल्हा, आणि मांजरा दोन्हीकडची. त्या वर्षी वाट पाहणं काय असतं ते सगळ्यांनी पाहिलं.

पण पावसाची वाट मान वर करून पाहतात आणि माशाची मान खाली घालून. पहिलीत याचना असते. दुसरीत लक्ष असतं. याचना करणारा थकतो. लक्ष देणारा थकत नाही, कारण त्याला मधल्या वेळात काही ना काही समजत असतं. पाण्याचा रंग, चिमुकल्या माशांची पळापळ, घारीनं बदललेली फेरी.

•

चोणक जन्मतो नर म्हणून. काही वर्षांनी, मोठा झाला की त्याची मादी होते. खाडीत वाढतो आणि अंडी घालायला नदीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्याकडे येतो. म्हणजे गळाला लागलेला प्रचंड चोणक बहुधा मादी असते, आणि ती त्या मुखाशी आलेली असते ती पुढच्या पिढीसाठी. खडकातल्या गोब्र्याचं उलटं: आधी मादी, मग त्यांतल्या थोड्या मोठ्या होऊन नर होतात. वाढही सावकाश. एका खडकावरचे सगळ्यांत मोठे गोब्रे काढून नेले, तर त्या खडकावर नरांची वानवा पडते.

माणसाला सगळ्यांत मोठा मासा हवा असतो. पाण्यालाही तोच हवा असतो. दोघांच्या हावेत फरक इतकाच की पाण्याची हाव आपल्याला मासे देते.

मोठा मासा सोडून द्यायचा असेल तर तोही धडपणे सोडला पाहिजे. कोरड्या हातानं धरला तर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो, आणि तोच त्याचं रोगापासून रक्षण करतो. हात ओले करावेत, पोटाखाली आधार द्यावा, गरी पाण्यातच काढावी. फोटोसाठी त्याला उन्हात धरून ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही. श्वास कोंडलेल्या जिवाला हातात घेऊन हसू कसं येतं?

•

हौसेसाठी जीव घ्यावा का, हा प्रश्न आमच्याकडून जाणाऱ्याला टाळता येत नाही. बिदर-कलबुर्गीच्या गावांत एका आळीत इष्टलिंग, दुसरीत तुळशीची माळ, तिसरीत भोयाचं जाळं वाळत घातलेलं. मी तिन्हींच्या सावलीत वाढलो. मला एवढंच ठरवता आलं: जो खाणार तो घ्यावा, जो खाणार नाही तो घ्यायला आपण मालक नव्हे. सोडलेल्या माशालाही गरी लागतेच, दुखतंच. हे मी नाकारत नाही. म्हणून पोटापुरतं मिळालं की गळ गुंडाळायचा, उरलेला वेळ नुसतं बसायचं. पैसे दिलेत म्हणून शेवटच्या मिनिटापर्यंत पाणी उपसत राहणं ही भाड्याची वृत्ती झाली.

•

बाराव्या शतकात बसवण्णांच्या काळात शरणांमध्ये एक नावाडी होता, अंबिगर चौडय्या. त्याची कन्नड वचनं आजही म्हटली जातात. ज्या कल्याणात ती माणसं जमली, ते आमचं बसवकल्याण. कलबुर्गीकडे भीमेच्या काठी अंबिग, म्हणजे नावाडी, आहेत, कारवारलाही आहेत. शरणांनी कष्टाला कायक म्हटलं आणि पूजेच्या बरोबरीला नेऊन बसवलं. नावाड्याचं भाडं त्या दृष्टीनं पाहिलं तर घासाघीस करायला जीभ उचलत नाही.

मासा लागला नाही म्हणून भाडं कमी देणारे लोक मी पाहिलेत. त्यांना वाटतं, सौदा माशाचा होता. त्या माणसानं आपला खडक दाखवला, आपली वेळ दाखवली, त्याच्या पोराला मिळायची गोष्ट परक्यासमोर उघडी केली. कारवारच्या किनाऱ्याचा मोठा भाग आता नौदलाकडे आहे. कदंब हा तळ 2005 साली कार्यान्वित झाला आणि त्यासाठी गावं उठली. खोल समुद्रात मोठ्या ट्रॉलरांशी छोट्या होडीला स्पर्धा जमत नाही. प्रखर दिवे लावून मासे गोळा करण्यावर केंद्रानं 2017 मध्ये बंदी घातली, ती घालावी लागली यातच सगळं आलं. गरी आणि तंगूसवाल्याकडे उरलीय ती त्याची जवळच्या पाण्याची ओळख. ती त्यानं विकावी लागू नये, आणि विकलीच तर तिची किंमत पुरी यावी.

•

कारंजा धरणाच्या पाण्याखालचा तळ समुद्रासारखा अनादी नाही. तो माणसांनी नांगरलेला आहे. त्यात बांध आहेत, बाभळीची खोडं आहेत, विहिरी आहेत, गाडीवाटा आहेत. जाळं टाकणाऱ्या भोयाला ते सगळं ठाऊक असावं लागतं. खोडात अडकलं तर जाळं फाटतं. मासाही अशाच जागा धरतो, विहिरीचा कठडा, जुन्या नाल्याचं पात्र. समुद्रातल्या खडकाला कुणाचं नाव नसतं. इथं तळाला सातबारा होता.

कारवारहून परतल्यावर मी आमच्याकडच्या एका भोयाला गाठलं. हौसेनं होडी मागणारं कुणी त्याच्याकडे येत नाही. मी म्हणालो, दिवसाचं भाडं घ्या, मला नुसता तळ दाखवा, जाळं टाकायची गरज नाही. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. मग काठीनं चिखलात रेघा ओढून दाखवायला लागला: हा नाला, ही वाट, इथं चिंच होती, तिच्या बुंध्याशी मरळ असते. भाड्याचा आकडा त्यानं शेवटपर्यंत सांगितला नाही. उठताना म्हणाला,

“थंडीत येऊ नका अण्णा, मासा तोंड उघडत न्हाई. होळी झाल्यावर या. पाणी खाली गेल्यालं असतं, निम्मं तर वरूनच दिसंल.”