विक्रांत कोणाच्या खात्यावर होती?

जुनी विमानवाहू नौका 'विक्रांत' भंगारात गेली ती मुंबईचे तिच्यावर प्रेम नव्हते म्हणून नव्हे. १९७१च्या युद्धात एका बॉयलरला तडा गेलेला असतानाही बंगालच्या उपसागरातून कॉक्स बाजार आणि चितगाववर विमाने पाठवणारी ही नौका इथल्या कोणत्याच पक्षाला नकोशी नव्हती. १९९७ साली ती निवृत्त झाल्यावर संग्रहालय व्हावे यावरही फारसे दुमत नव्हते. पण मालकी नौदलाची, घोषणा राज्य सरकारची, अभिमान शहराचा आणि दरवर्षीच्या डागडुजीची जबाबदारी नक्की कोणाचीच नाही, अशी तिची अवस्था झाली. पोलादी जहाजाचा वरचा डेक रंगवता येतो आणि पाहुण्यांना तोच दिसतो. खरी झीज होते ती पाण्याच्या रेषेपाशी, जिथे पत्रा सतत ओला-कोरडा होत राहतो, आणि त्याखाली, जिथे कोरड्या गोदीत नेल्याशिवाय नजर पोचत नाही. २१३ मीटर लांबीच्या जहाजासाठी तशी गोदी, कायमचा धक्का आणि दरवर्षीची तरतूद लागते. २००१ पासून अधूनमधून लोकांसाठी खुली होणारी 'विक्रांत' २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून बंद झाली, साठ कोटींना विकली गेली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये मुंबईच्या दारूखाना भागात तिच्यावर गॅस कटर चालू लागले.

'विराट' या दुसऱ्या विमानवाहू नौकेच्या वेळी तरी हे ध्यानात यायला हवे होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवतीजवळ ८५२ कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली; पैसा खासगी भागीदाराने आणायचा होता. पुढच्याच वर्षी केंद्राने संसदेत सांगितले की स्वतःचा खर्च स्वतः भागवणारा, आर्थिकदृष्ट्या परिपूर्ण असा एकही प्रस्ताव आला नाही. जहाज तोडण्यासाठी अलंगला गेले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये वाचवण्याची विनंती नाकारली, तेव्हा सुमारे चाळीस टक्के तोडकाम झालेले होते.

याउलट विशाखापट्टणमला 'कुरसुरा' पाणबुडी २००२ पासून रामकृष्ण किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभी आहे. तिथे तिकीट, देखभाल आणि जागा एकाच स्थानिक नगरविकास प्राधिकरणाकडे आली. पाणबुडी वाळूवर ओढून घेतल्याने तळाचा प्रश्नही आवाक्यात राहिला. यावर आक्षेप येईल की ९१ मीटरच्या पाणबुडीची विमानवाहू नौकेशी तुलना कशी करायची? आक्षेप रास्त आहे. सॅन डिएगोत 'मिडवे' ही मोठी विमानवाहू नौका २००४ पासून संग्रहालय म्हणून चालते हे खरे. पण तिथेही ती एकाच ना-नफा संस्थेच्या नावावर आहे. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: जिथे सरकारी रुग्णालयात खाटा पुरत नाहीत तिथे जुन्या लोखंडावर पैसा का? याचे उत्तर मला असे दिसते की सगळे जहाज ठेवण्याचा हट्ट धरूच नये. 'विक्रांत'चा नियंत्रण-मनोरा किनाऱ्यावर नीट मांडला असता, तर त्याच्यासमोर उभे राहणाऱ्या शाळकरी मुलाला १९७१ कळले असते. मुंबईत नौदल गोदीबाहेरचे 'विक्रांत'चे स्मारक-शिल्प चांगले आहे, पण ते शिल्प आहे.

आता नौदलाची निवृत्त नौका 'गुलदार' निवतीच्याच समुद्रात बुडवून पाण्याखालचे संग्रहालय करायचे ठरले आहे. २०२५ मध्ये ती महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे सोपवली गेली, म्हणजे यावेळी मालकाचे नाव तरी ठाऊक आहे. दरवर्षी पाणबुडे पाठवून सांगाडा तपासण्याचा, त्यात अडकलेली जाळी काढण्याचा खर्च कोणत्या तरतुदीतून होणार, हे बुडवण्याआधी कागदावर आले पाहिजे. आणि तो कागद लिहिताना निवतीचे मच्छीमार समोर बसलेले हवेत, कारण त्या पाण्यात रोज तेच जातात.