पुढच्या आवृत्तीत

सांगलीतल्या एका कॉलेजकन्यकेला वडिलांच्या दुकानाची बिलं करताना एक गोष्ट सारखी खटकायची. हिशेबाचं ते ओपन सोर्स सॉफ्टवेअर एक लाख रुपये लिहायचं 100,000 असे. गिऱ्हाईक दोनदा वाचायचं. कोड खुलाच होता. तिने तो चाळला, 1,00,000 असं दाखवणारा नवा पर्याय सेटिंगमध्ये घातला आणि पॅच पाठवून दिला.

ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या जर्मनीतल्या मेंटेनरचं उत्तर आलं: काम छान, पण स्ट्रिंग फ्रीझ लागलाय, पुढच्या आवृत्तीत बघू.

'पुढे बघू' म्हणजे काय, हे दुकानदाराच्या मुलीला कोणी शिकवावं लागत नाही. तिने विषय सोडला.

सहा महिन्यांनी वर्ध्याच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंची मेल आली. बाई त्या सॉफ्टवेअरचं मराठी भाषांतर करत. "अगं, यादीत स्वल्पविरामाचा पर्याय आलाय, पुढे तुझं नाव. मराठीत काय लिहू, तूच सांग."

"मॅडम, पण ते तर नाकारलं होतं ना?"

बाईंनी मेंटेनरला गाठलं. तो चकित. वेळापत्रक तर कित्येक वर्षं सगळ्यांसमोर आहे! होतंच. त्यात ओळ होती: 'स्ट्रिंग फ्रीझ, 14 ऑगस्ट, 23:59 यूटीसी.' बाई म्हणाल्या, "एवढी ओळ मला समजावून सांगा." तो सांगू लागला. त्या तारखेनंतर पडद्यावर दिसणारं एकही वाक्य बदलायचं नाही, म्हणजे भाषांतरकारांची धावपळ होत नाही. जुन्या चुका दुरुस्त केल्या तर चालतं. नवं काही आलं तर ते तपासून बाजूला ठेवतात आणि पुढच्या रिलीजला घेतात, परत पाठवावं लागत नाही. शिवाय यूटीसीचे 23:59 म्हणजे भारतातली दुसऱ्या दिवशीची पहाट, 5:29. बाई लिहून घेत होत्या. कागद भरला.

"यातलं त्या ओळीत काय आहे?"

तो जरा चिडला. लिनक्स कर्नलची तरी तारीख कुठे आधी जाहीर असते? बाई तयारीनिशी बसल्या होत्या. तारीख नसेल, पण रीत लिहून ठेवलेली आहे: नवं काम घ्यायला दोन आठवडे, मग दर रविवारी एक चाचणी आवृत्ती, अशा साधारण सात-आठ झाल्या की रिलीज. नवख्यालाही आठवडे मोजता येतात. उबंटूवाल्यांनी तर महिना आकड्यातच घातला, 24.04 म्हणजे 2024 चा एप्रिल. 2006 सालची एप्रिलची आवृत्ती जूनपर्यंत लांबली, तेव्हा ती 6.06 म्हणूनच बाहेर पडली. उशीरसुद्धा उघड!

वेळापत्रकाचं नवं पान लिहायला मेंटेनर लगेच सरसावला. बाईंनी त्याला थांबवलं, कारण त्याला न समजणारं त्यात काही उरलंच नव्हतं. काम मुलीकडे आलं. तिने त्याला प्रश्न विचारून भंडावून सोडलं आणि प्रत्येक तारखेसमोर लिहिलं: आज काय पाठवता येईल, काय थांबेल, थांबलेलं कोणत्या महिन्यात बाहेर पडेल, आणि तोवर हात रिकामे असतील तर चाचणीचं कोणतं काम पडलंय. वेळ वाचणाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे दिसेल अशी सोय केली. आपला पॅच अडवणारा नियम वर्ध्याच्या बाईंना रात्री जागावं लागू नये म्हणून होता, हेही तिला हे पान लिहितानाच उमगलं. 'पुढे बघू' हे उत्तर मात्र तिने कायमचं बाद करायला लावलं.

ऑगस्टातल्या फ्रीझनंतर तीन दिवसांनी एक पॅच आला, त्यात एक नवंकोरं वाक्य. पाठवणारा खुद्द मेंटेनर. त्याला तारीख तोंडपाठ होती, फक्त गेल्या वर्षीची.

मुलीने त्याला पानाचा दुवा पाठवला आणि खाली लिहिलं, "घेतलं आहे. मार्चच्या आवृत्तीत येईल."