नव्या आवृत्तीचा वाचक

संगणकाच्या आज्ञावलीत काय बदलले याची माहिती ठेवणे ही केवळ सोयीची बाब आहे की तीत काही नैतिक प्रश्न गुंतलेला आहे, ही चर्चा वरवर पाहता साहित्यविचाराच्या कक्षेबाहेरची वाटते. ती तशी नाही. आज्ञावली हीही लिहिलेली संहिता असते. तिला कर्ता असतो, आवृत्त्या असतात आणि तिच्यावर विसंबून काम करणारा माणूस असतो. संहिता बदलणाऱ्याने बदलाची नोंद कोणाला आणि किती द्यावी, हा पाठचिकित्सेचाच प्रश्न होय.

मराठीत याला जुना दाखला आहे. शके १५०६ मध्ये (इ.स. १५८४) एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि ग्रंथाच्या अखेरीस तसे नोंदवलेही: मूळ ग्रंथ शुद्ध होता, पाठांतरांमुळे तो बिघडला, म्हणून शोधून सिद्ध केला, यापुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये. बदल कोणी, केव्हा आणि का केला, हे तिन्ही त्या नोंदीत आले. नेमके काय बदलले, ते मात्र आले नाही. ती उणीव काही अंशी तरी भरून निघण्याची शक्यता उरली, कारण जुन्या पोथ्या अन्यत्र शिल्लक असू शकत होत्या. १९०९ साली वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत प्रसिद्ध केली. तिच्या प्राचीनत्वाविषयी मतभेद असोत. मतभेदासाठी दुसरी प्रत हाताशी असणे हेच येथे महत्त्वाचे.

आज्ञावलीची नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी राहत नाही, तिच्या जागी बसते. पुष्कळदा वापरणाऱ्याच्या हाती उरते ती काही दोष दूर केल्याचे सांगणारी एक मोघम ओळ. २०१५ साली विंडोज १० आली तेव्हा तिच्या प्रत्येक सुधारणेचा तपशील देण्याचे मायक्रोसॉफ्टने टाळले. तक्रारी झाल्या आणि फेब्रुवारी २०१६ पासून बदलांचा क्रमवार इतिहास प्रसिद्ध होऊ लागला. या तक्रारींमागे निव्वळ कुतूहल नव्हते. शेकडो यंत्रांची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याला यंत्रात काय बदलले हेच ठाऊक नसेल, तर त्याने कशाचे उत्तर द्यावे?

सुरक्षेतील छिद्र बुजवताना तपशील लगेच उघड करणे घातक ठरू शकते, हे खरे. पण त्यातून विलंबाचे समर्थन होते, मौनाचे नव्हे. अर्थात सविस्तर नोंदीनेही प्रश्न संपत नाही. एका साध्या फोनमधील सर्व आज्ञावल्यांच्या नोंदी वाचायच्या म्हटल्या तर माणसाला दुसरे काही वाचणे नको! न वाचलेली नोंद हीच पुढे देणाऱ्याची ढाल होते, आणि अज्ञानाचा दोष वाचकाकडे सरकतो.

डोनाल्ड क्नुथ यांनी वेगळी वाट धरली. अक्षरजुळणीसाठी रचलेल्या ‘टेक्’ या आज्ञावलीतील चुकांची त्यांनी वर्षानुवर्षे नोंद ठेवली, १९८९ साली ती प्रसिद्ध केली, चूक दाखवणाऱ्यास बक्षीस दिले आणि १९९० साली नव्या सोयींची भर थांबवल्याचे जाहीर केले. तेव्हापासून तिचा आवृत्तिक्रमांक दर दुरुस्तीला पायच्या किमतीकडे एकेक अंकाने सरकतो. जानेवारी २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. आपल्या मृत्यूनंतर क्रमांक पाय हाच राहावा आणि उरलेल्या चुकाही गुणविशेष मानाव्यात, अशी त्यांची इच्छा आहे. कोणाला हा विक्षिप्तपणा वाटेल. पण त्यांची अट एकनाथांच्या ताकिदीजवळ जाते: बदल खुशाल करा, मात्र त्याला हे नाव देऊ नका.

बँकेच्या आज्ञावलीला असे थांबणे परवडणार नाही; तिच्यावरील हल्ले थांबत नाहीत. क्नुथ यांना थांबता आले ते कामाच्या स्वरूपामुळे, आणि थांबण्याचे कारणही त्या कामातच होते. आज जुळवलेले पान अनेक वर्षांनीही तसेच जुळावे, एवढी त्यांची अपेक्षा. ती मोडते तेव्हा काय होते, हे मुद्रितशोधकाला विचारावे. जुना मजकूर नव्या आवृत्तीत उघडला की एखादी ओळ पुढच्या पानावर सरकते, शब्द सारे जागच्या जागी दिसतात, आणि सूचीतील पृष्ठांक मात्र तेथून पुढे एकेकाने चुकत जातात.