सुरुंगाला प्रज्ञा नसते



आपल्या वस्त्यांतील कित्येक माणसे खडकी, भंडारा, अंबाझरी येथील आयुधनिर्माणींत पोटाला लागली आहेत. कित्येकांची मुले सैन्यात आहेत. पंचशील घेतल्यावर अशा घरांत एक प्रश्न हटकून उभा राहतो. शस्त्र घडविणाऱ्या हाताने शील पाळले जाते काय?

अंगुत्तरनिकायात उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले आहेत. शस्त्रांचा व्यापार त्यांत पहिला. परंतु 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना बाबासाहेबांनी नियम आणि तत्त्व यांत भेद केला आहे. जीव घेण्याची इच्छा वेगळी आणि गरज वेगळी, असे ते दाखवितात. नियम माणसाला बांधतो, तत्त्व त्याला विचार करायला लावते. म्हणून 'खरोखर गरज आहे काय?' असे प्रत्येक वेळी विचारणारा जागा माणूस तेथे हवा.

आता रणगाडाविरोधी सुरुंगाकडे पाहा. दुसऱ्या महायुद्धात धातू हुडकणारी यंत्रे सैन्याच्या हाती आली, तेव्हा लाकडी, काचेचे आणि पुढे प्लॅस्टिकच्या कवचाचे सुरुंग निघाले. इटलीत तयार झालेला व्हीएस-१.६ हा त्यांतलाच. वजन सुमारे ३ किलो, स्फोटक २ किलोच्या आत, धातू नावापुरता. प्लॅस्टिक गंजत नाही आणि यंत्राला सहज सापडत नाही. माणसाच्या पावलाने असा सुरुंग सहसा उडत नाही. त्याला जड चाकाचा दाब लागतो. पण ते चाक रणगाड्याचे की धान्य भरलेल्या ट्रॅक्टरचे, हे त्याला कळत नाही. लढाई संपली, हेही कळत नाही. बामियानच्या अफगाणिस्तानातून सोव्हिएत फौजा १९८९ साली परतल्या. जमिनीतले सुरुंग मागेच राहिले.

सैनिक बंदूक खाली करू शकतो. सुरुंग पुरणारा मात्र आजची गरज उद्याच्या अनोळखी माणसावर लादून निघून जातो, आणि प्लॅस्टिकचे कवच ती चूक सुधारण्याची वाटही अवघड करते. १९९६ च्या आंतरराष्ट्रीय नियमाने माणसांविरुद्धच्या सुरुंगांत ८ ग्रॅम लोखंडाइतकी तरी खूण यंत्राला मिळाली पाहिजे, असे ठरले. १९९७ च्या ओटावा करारानेही त्याच सुरुंगांवर बंदी घातली. रणगाडाविरोधी सुरुंग या दोन्हींतून सुटले. कायदा जेथे थांबतो तेथे शीलाचे काम संपत नाही.

मग नोकरी सोडावी काय? गावकीच्या कामांतून सुटून मिळालेली पगाराची भाकर टाका, असे सांगणे कोणाला शोभणार नाही. पण इटलीत ब्रेशाजवळच्या सुरुंगांच्या कारखान्यातील कामगार स्त्रियांचे पोटही त्याच कामावर होते. तरी १९९० नंतरच्या वर्षांत त्या सुरुंगबंदीच्या चळवळीत उघडपणे उतरल्या. आपल्या हातून गेलेली वस्तू पुढे काय करते, हे त्यांनी विचारले.

तुम्हीही विचारा. घरी विचारा, विहारात विचारा, युनियनच्या सभेत विचारा. सम्यक आजीविकेची सुरुवात तेथून होते.