‘खूश आहे तो’

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुलांना घेऊन राणीच्या बागेत गेलो. घाटकोपरला धिमी गाडी पकडली आणि भायखळ्याला उतरलो. धाकटीला पेंग्विन पाहायचे होते. चित्र दाखवून मी वर्गात दरवर्षी सांगते, ‘परिंदा है, मगर उड़ता नहीं.’ प्रत्यक्षात मीही तो प्रथमच पाहत होते.

काचेपाशी गर्दी होती. धाकटीने केसांची लाल रिबीन सोडून काचेवर फिरवली. पाण्यातला एक पेंग्विन तिच्यामागे जाऊ लागला. रिबीन डावीकडे गेली की तोही डावीकडे वळे.

“अम्मी, तो माझ्याशी खेळतोय!”

थोरला म्हणाला, “खेळत नाही, बाहेर यायची वाट शोधतोय.”

दोघेही माझ्याकडे पाहू लागले. मी शिक्षिका, उत्तर द्यायची सवय. म्हणाले, “खूश आहे तो.” मागून कुणीतरी ‘चला पुढे’ म्हणाले आणि आम्ही सरकलो.

हे उत्तर मी कशाच्या आधारावर दिले, हा प्रश्न रात्री मला छळू लागला.

हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन. ते बर्फातले नव्हेत. पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावरचे, थंड सागरी प्रवाहात मासे पकडणारे. जुलै २०१६ मध्ये सेऊलहून आठ पेंग्विन मुंबईत आणले गेले. त्यांपैकी एक मादी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दगावली. मार्च २०१७ मध्ये लोकांना ते पाहता येऊ लागले. १५ ऑगस्ट २०१८ रोजी इथे पहिले पिल्लू जन्मले, पण आठवडाभरात गेले. नंतरची काही पिल्ले जगली. त्यांनी समुद्र पाहिलेलाच नाही.

लोक चिडून म्हणतात, माणसांना प्यायला पाणी नाही आणि पक्ष्यांना एसी! मे महिन्यात पत्र्याखाली झोपणाऱ्याला असे वाटणे मी समजू शकते. पण हा गारवा त्यांनी मागितलेला नाही. आपण त्यांना इथे आणले म्हणून तो द्यावा लागतो. त्याला चैन म्हणणे म्हणजे कैद्याच्या भाकरीचा हेवा करणे आहे.

हदीसमध्ये एका स्त्रीची हकीकत आहे. तिने मांजर कोंडून ठेवले. त्याला खायला दिले नाही आणि स्वतःचे अन्न शोधायला सोडलेही नाही. त्यासाठी ती शिक्षेस पात्र ठरली. दुसरीकडे अबू उमैर नावाच्या लहान मुलाचीही हकीकत आहे. त्याच्याकडे एक छोटा पक्षी होता. पैगंबरसाहेब प्रेमाने त्याला त्या पक्ष्याबद्दल विचारत. यावरून पक्षी पाळायला हरकत नाही, असा अर्थ आलिमांनी काढला. म्हणजे पाळणे हाच गुन्हा नाही. खायला द्या, नाहीतर सोडा, एवढे तरी माणसाने करावे.

माझी अडचण इथेच आहे. त्या मांजराला दार उघडून देता आले असते. मुंबईतल्या पेंग्विनला कुठे सोडणार? दार उघडले तर बाहेर भायखळ्याचे ऊन. सोडण्याची वाट आपणच बंद केली आहे, त्यामुळे सांभाळण्याची जबाबदारी त्याच्या शेवटच्या श्वासापर्यंत आपली झाली. तिकीट काढून पाहणारी मीही त्या ‘आपण’मध्ये येते.

मुलांनी प्राणी पाहूच नयेत का? त्या दिवशी धाकटी पेंग्विनच्या प्रेमात पडली, ते चित्रातून घडले नसते. हा लाभ खराच. पण तो आपला लाभ आहे, पेंग्विनचा नव्हे. दोन्ही गोष्टी एकाच खात्यात लिहिल्या की हिशेब चुकतो.

परीक्षेत चांगले गुण मिळाले तर ईदला लव्हबर्ड्सची जोडी घेऊन देईन, असे मी धाकटीला कबूल केले होते. गुण तिने मिळवले. आमच्या एका खोलीच्या घरात खिडकीला पिंजरा टांगायचा खिळाही ठोकून झाला होता. घरी आल्यावर मी नाही म्हणाले. वचन मोडले म्हणून ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तिचे चुकले असे मला म्हणता येत नाही.

तिसऱ्या दिवशी तिने विचारले, “पण तो पेंग्विन खूश आहे ना?”

या वेळी मी म्हणाले, “मला माहीत नाही, बेटा. त्या दिवशी मी उगाच सांगितले.”