माझ्या शहरातले ‘परके’ लेखक

मी मुंबईत जन्मलो, परळच्या चाळीत वाढलो, मराठीत कथा लिहितो. चार लेखक जमले आणि ‘बाहेरून आलेल्यां’चा विषय निघाला की माझा आवाज चढतो. वर्षानुवर्षं इथे राहून भाजीवालीशी बोलण्यापुरतंही मराठी न शिकलेले लेखक मी बोटांवर मोजून दाखवू शकतो. ही तक्रार खोटी नाही. पण ती करताना मी स्वतःला घरमालक समजतो आणि बाकीच्यांना भाडेकरू, हे हल्ली मला खुपायला लागलं आहे. मालकीचा कागद माझ्याकडे आहे का, हे एकदा पाहिलंच पाहिजे.

वडील राजापूरकडच्या खेड्यातून गिरणीत बदली कामगार म्हणून आले. म्हणजे माझं मुंबईकरपण जेमतेम एका पिढीचं. बरं, ज्या पुस्तकांच्या जोरावर मी मुंबईच्या मराठी साहित्याची ऐट मिरवतो, ती तरी कुणी लिहिली? अण्णा भाऊ साठे वाटेगावहून आई-वडिलांबरोबर पायी आले. १९७२ साली ‘गोलपिठा’ देणारे नामदेव ढसाळ लहानपणी पुणे जिल्ह्यातल्या पूर-कनेरसरहून आले. जयवंत दळवी आरवलीचे, अरुण कोलटकर कोल्हापूरचे, दिलीप चित्रे तर बडोद्यात जन्मलेले. नारायण सुर्व्यांना सांगायला गावच नव्हतं. रस्त्यावर सापडलेलं ते मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचललं, आपलं आडनाव दिलं.

आणि ज्यांना मी बाहेरचे म्हणत आलो, त्यांत निस्सीम इझिकेल आहेत. १९२४ साली मुंबईत जन्मलेले, बेने इस्रायली. कोकण किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवणारा, घरात मराठी बोलणारा हा समाज. माझ्या वडिलांच्या कितीतरी आधी तो मुंबईत येऊन स्थिरावला होता. इझिकेलांनी वृंदा नाबर यांच्यासोबत इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेल्या, तो संग्रह १९७४ साली निघाला. तरी माझ्या हिशेबात ते ‘इंग्रजीवाले’. कोलटकरांच्या इंग्रजी ‘जेजुरी’ला १९७७ साली राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला, तो मात्र मी ‘आपला’ म्हणून सांगतो. किरण नगरकरांनी ‘सात सक्कं त्रेचाळीस’सारखी कादंबरी मराठीला दिली आणि पुढे ते इंग्रजीकडे वळले, तेव्हा आपल्याकडे त्यांच्यावर काय काय आग पाखडली गेली! मी त्यात तोंडाने सामील नव्हतो, मनाने होतो. इंग्रजीत लिहून कौतुक झालं तर अभिमान माझा, घर सोडल्यासारखं वाटलं तर फितुरी त्याची. कसोटी कधी जन्माची, कधी भाषेची, कधी आडनावाची. जी मला आत ठेवते ती मी पुढे करतो.

या रागातला मत्सर वेगळा काढला तर किती राग उरतो? इंग्रजी पुस्तकाला परदेशी प्रकाशक मिळतो, विमानतळावरच्या दुकानात ते दिसतं. माझ्या कथासंग्रहाची आवृत्ती संपायला वर्षं लागतात. याचा सल मला आहे. त्याला मी भाषाप्रेमाचं नाव देतो, कारण ते नाव चारचौघांत शोभतं.

मत्सराला जागाच नव्हती, तिथे माझं वागणं कसं होतं? हा प्रश्न मला जास्त जड जातो. यशवंत चित्ताल मुंबईत राहिले, रसायन उद्योगात नोकरी केली आणि कन्नडमध्ये लिहिलं. १९७९ सालची त्यांची ‘शिकारी’ ही मुंबईतल्या कंपनीच्या कारस्थानात सापडलेल्या एका अधिकाऱ्याची कादंबरी. उमा कुलकर्णींच्या मराठी अनुवादांच्या कृपेने म्हैसूरचे कन्नड कादंबरीकार भैरप्पा मी तरुणपणीच वाचले होते. माझ्याच शहरात राहणाऱ्या चित्तालांकडे मात्र केस पांढरे झाल्यावर वळलो. जयंत कायकिणी गोकर्णहून आले, इथे औषध कंपनीत काम केलं, इथल्या माणसांच्या कथा कन्नडमध्ये लिहिल्या. तेजस्विनी निरंजना यांनी केलेल्या त्या कथांच्या इंग्रजी अनुवादाला २०१८चा डीएससी पुरस्कार मिळाला तेव्हा मी ते नाव नीट ऐकलं. म्हणजे शेजाऱ्याची ओळखही मला इंग्रजीनेच करून द्यावी लागली. आणि इंग्रजीवर तोंडसुख घेणारा तो मीच.

हे लेखक कोणत्याही अर्थाने माझे प्रतिस्पर्धी नव्हते. त्यांचा वाचक शेकडो मैल दूर, आणि या शहरात त्यांच्या मागे कसलाच दबदबा नाही. फाळणीनंतर उल्हासनगरच्या छावण्यांत आलेल्या सिंधी लेखकांपाशी तर भाषेचं राज्यही उरलं नव्हतं. उर्दू कथाकार मंटो १९४८च्या जानेवारीत मुंबई सोडून लाहोरला गेला आणि तिथे बसून याच शहराबद्दल लिहीत राहिला. त्याच्यावर मी भाषणं ठोकली आहेत. पण सलाम बिन रज्जाक महापालिकेच्या शाळेत शिकवत होते, उर्दूत कथा लिहीत होते, मराठी साहित्य उर्दूत नेत होते, तेव्हा त्यांच्या कथा मराठीत कोण आणतंय याची चौकशीसुद्धा मी केली नाही. ते माझ्या भाषेसाठी राबत होते आणि मी ‘आम्हाला कुणी वाचत नाही’ म्हणून रडत होतो.

इथे दुसऱ्या टोकाला जाऊन छाती पिटण्याची माझी तयारी नाही. २००१च्या जनगणनेत मुंबईत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ४५ लाख होते, २०११मध्ये ४४ लाख. त्याच दहा वर्षांत हिंदी सांगणारे २६ लाखांवरून ३६ लाखांवर गेले. मराठी शाळांचे वर्ग रिकामे होताना मी पाहिले आहेत. अशा शहरात मराठी लेखकाला धास्ती वाटली तर त्याला संकुचित ठरवून मोकळं होणाऱ्यांशी माझं पटत नाही. मुंबईवर लिहायचं आणि सुर्वे, बाबुराव बागूल, भाऊ पाध्ये यांचं एक पानही उलटायचं नाही, हा आळस आहे आणि तो मी आळसच म्हणणार. फक्त त्या आळसात माझाही वाटा आहे. शिवाय ज्या धास्तीचं कारण वर्गांत आणि घरांत आहे, तिचा राग कन्नड कथाकारावर काढून मराठीचा एक वाचकही वाढत नाही.

तेव्हा दिवाळी अंकांच्या संपादकांना एक विनंती. दर अंकात आठ-दहा पानं मुंबईतच राहून कन्नड, उर्दू, सिंधी, गुजराती, हिंदीत लिहिणाऱ्या एखाद्याच्या कथेला द्या. अनुवाद मूळ भाषेतून थेट मराठीत करून घ्या, इंग्रजीच्या वळशाने नको. त्या लेखकाला बदल्यात एकच अट घाला: एक मराठी कथा आपल्या भाषेतल्या मासिकात छापून आणायची. अनुवादकाला लेखकाइतकंच मानधन द्या. त्यासाठी माझ्या कथेची पानं कापावी लागली तरी चालेल.